करंट कुठे आणि कधी: मेंदूच्या दुखापतीनंतरचं एक प्रकरण

"मॅडम, करंट लावा." फिजिओथेरपीच्या ओपीडीत दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य. गुडघा दुखतोय, करंट लावा. मान आखडली, करंट लावा. अंगावरून वारं गेलं असेल तर मग बोलायलाच नको. नाही लावला तर "त्या मॅडम काहीच करत नाहीत, नुसता हात हलवायला लावतात" अशी कीर्ती दोन गावं पुढे जाते.

ज्या रुग्णाची ही हकिकत आहे त्याच्या घरच्यांनी हे वाक्य वर्षभरात तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा त्यांच्या मनातला करंट वेगळा होता आणि तिन्ही वेळा मला वेगळं उत्तर द्यावं लागलं. त्यातलं एक उत्तर मी चुकीचं दिलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घरच्यांची परवानगी आहे. रुग्णाला मी इथे 'दादा' म्हणते, कारण त्यांच्या घरात लहानथोर सगळे तेच म्हणतात.

पार्श्वभूमी

दादा ३८ वर्षांचे, उजव्या हाताचे. सकाळ-संध्याकाळ वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत पोचवणारा टेम्पो, घरच्या चार म्हशी, दीड एकर ऊस. गाळप हंगाम सुरू होता. रात्री मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ते जाऊन आदळले. हेल्मेट घरी खुंटीला होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी ७ गुण. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, आवरणाखाली रक्त साचलेलं आणि मेंदू उजवीकडे ढकललेला. त्याच रात्री न्यूरोसर्जननी रक्त काढलं आणि सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा डावा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला. सहाव्या दिवशी फिट आली, अकराव्या दिवशी श्वासासाठी गळ्याला छिद्र केलं. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सात टाक्यांची जखम होती. त्या जखमेकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, माझंही नाही. ती पुढे येईल.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं. त्यानंतरचे महिने मात्र खिशातून काढायचे होते.

पहिला करंट: शुद्धीवर आणण्यासाठी

तिसऱ्या आठवड्यात दादा डोळे उघडत होते, पण नजर कुठेच ठरत नव्हती. हाक मारली, चिमटा काढला, तरी हेतूने केलेली एकही हालचाल नाही. धाकट्या भावाने मोबाइल माझ्यासमोर धरला. "मॅडम, हे बघा. फ्रान्समध्ये पंधरा वर्षं पडून असलेल्या माणसाला करंट देऊन जागं केलं. आपल्या दादाला तर वीसच दिवस झालेत."

व्हिडिओला वाजतगाजत संगीत लावलेलं होतं, पण मूळ बातमी खरी होती. फ्रान्समधल्या लिऑन शहरात अँजेला सिरिगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ वर्षांच्या एका रुग्णाच्या व्हेगस नसेला (मेंदूतून निघून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणारी नस) छातीत बसवलेल्या यंत्रातून उत्तेजन दिलं होतं. गाडीच्या अपघातानंतर तो १५ वर्षं जाणीवशून्य अवस्थेत होता. सप्टेंबर २०१७मध्ये हा वृत्तांत छापून आला. (नियतकालिकाचं नाव 'करंट बायोलॉजी'. हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) महिनाभराच्या उत्तेजनानंतर तो नजरेने वस्तूचा माग घेऊ लागला, सांगितल्यावर मान वळवू लागला. जाणिवेच्या तपासणीत २३ पैकी ५ असलेले गुण १० झाले. 'जागं केलं' या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्याच्याहून हे खूप लहान आहे, आणि तरी मोठंच आहे.

त्या संघाने मुद्दाम १५ वर्षांत काहीच न बदललेला माणूस निवडला होता, म्हणजे सुधारणा दिसलीच तर ती आपोआप झाली असं कुणी म्हणू नये. आमची परिस्थिती नेमकी उलटी होती. विसाव्या दिवशी डोळे उघडणारा ३८ वर्षांचा माणूस पुढच्या काही आठवड्यांत काहीही न करतासुद्धा सुधारू शकतो.

शस्त्रक्रिया न करता देता येणारा एक करंटही चर्चेत आला. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पॅड लावून मीडियन नसेला उत्तेजन द्यायचं: २० सेकंद चालू, ४० सेकंद बंद, असं रोज आठ तास. चीनमधल्या २२ केंद्रांनी मिळून ३२९ रुग्णांवर याचा अभ्यास केला आणि तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी शुद्धीवर आलेल्यांचं प्रमाण उत्तेजन मिळालेल्यांत सुमारे ७२ टक्के आणि न मिळालेल्यांत सुमारे ५७ टक्के होतं. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्यातले रुग्ण दुखापतीनंतरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले होते. आमच्या दादांना फिट येऊन गेलेली, डोक्याचं हाड काढलेलं, आणि आयसीयूत दोन सिस्टरांवर नऊ खाटा. रोज आठ तास पॅडखालची कातडी कोण बघणार? न्यूरोसर्जन, आयसीयूचे डॉक्टर आणि मी बसलो आणि नको असं ठरवलं. एकोणतिसाव्या दिवशी अमँटाडीन सुरू झालं, फिट येऊन गेल्यामुळे डोस बेताचा ठेवून. २०१२ साली १८४ रुग्णांच्या अभ्यासात या औषधाने सुधारणेचा वेग वाढल्याचं दिसलं होतं, आणि ते गोळीच्या रूपात नळीतून देता येत होतं.

तेहेतिसाव्या दिवशी वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, नेहमीप्रमाणे कानाशी घरच्या गोष्टी सांगत होत्या. "सोडा की माझा हात, गोठ्यात जायचंय," असं त्या सहज बोलल्या आणि दादांनी डाव्या हाताची पकड सैल केली. योगायोग असेल म्हणून मी तीनदा पुन्हा करून पाहिलं. तिन्ही वेळा त्यांनी हात सोडला.

औषध सुरू होऊन चारच दिवस झाले होते. श्रेय औषधाचं, निसर्गाचं की गोठ्याचं, मला सांगता येणार नाही. पण त्या आठवड्यात मनगटावर पॅड असते तर सगळं श्रेय करंटला गेलं असतं, त्या दवाखान्यात पुढच्या दहा रुग्णांना तो लागला असता, आणि मीही छातीठोकपणे तो लावला असता.

दुसरा करंट: माझी पाच आठवड्यांची चूक

अडीच महिन्यांनी दादा माझ्या ओपीडीत आले. डोक्याला कापडी टोपी, डावीकडे खळगा. उजवा हात छातीशी आखडलेला, उजवं पाऊल लोंबणारं आणि आत वळणारं. समजायचं बरंचसं, पण तोंडातून "हा", "नको" आणि एक शिवी, एवढंच निघायचं. तालुक्याच्या एका क्लिनिकमध्ये रोज पंधरा मिनिटं हाताला आणि पंधरा मिनिटं पायाला करंट चालू होता. दादा आडवे, स्नायू आपोआप आकसतोय आणि सुटतोय, शेजारी भाऊ मोबाइल बघतोय.

मी काय केलं? तेच चालू ठेवलं.

कारणं सांगता येतील. कवटीचं हाड चौथ्या महिन्यात परत बसवायचं होतं, तोपर्यंत पडण्याची भीती. घरचे वीस किलोमीटरवरून रिक्षा करून येत होते, आणि स्नायू उडताना दिसला की वहिनींच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. आणि खरं कारण: मशीन लावलं की मला शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बघता यायचा. पाच आठवड्यांनी मोजमाप केलं तेव्हा पाऊल आणि मनगट, दोन्हींच्या स्वतःच्या हालचालीत फरक शून्य.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. मेंदूच्या इजेत स्नायू मेलेला नसतो आणि पायातली नसही शाबूत असते, तुटलेला असतो वरून येणारा हुकूम. खालून करंट दिला की स्नायू हलतो, पण मेंदूच्या दृष्टीने ती दुसऱ्याने केलेली हालचाल. माणूस स्वतः "उचल" म्हणून जोर लावतो त्याच क्षणी पाऊल उचललं गेलं, तर हुकूम आणि हालचाल यांची गाठ मेंदूत पडते. ही गाठ रोज शेकडो वेळा पडत राहिली, तर उरलेल्या वाटा रुळतात. आडवं पडून मोबाइल बघताना उडणाऱ्या स्नायूची गाठ कशाशीच पडत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

तिसरा करंट आणि वीस गुंठे

पाचव्या महिन्यात हाड बसवून झालं, टाके सुकले, आणि भाऊ पुन्हा आला. या वेळी व्हिडिओ नव्हता, ठरवलेली रक्कम होती. "व्हेगसचं मशीन अमेरिकेत लकव्याच्या हातासाठी पास झालंय. वीस गुंठं काढतो, पण दादाचा हात चालू करा."

ही माहितीसुद्धा खरी. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, व्हिव्हिस्टिम नावाच्या यंत्रणेला मान्यता दिली. मानेत डाव्या व्हेगस नसेला तार गुंडाळतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. डावीकडची नस निवडतात, कारण उजव्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांवर जास्त अंमल असतो. रुग्ण व्यायामातली हालचाल करतो त्याच वेळी थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्ध्या सेकंदाचा करंट जातो. त्याने मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, असेटिलकोलिन अशी रसायनं सुटतात आणि 'आत्ता जे केलंस ते लक्षात ठेव' असा निरोप मिळतो. म्हणजे तिथेही मुद्दा वेळेचाच.

अभ्यासाचे आकडे मी भावासमोर कागदावर मांडले. एकूण १०८ रुग्ण. सगळ्यांना यंत्र बसवलं, पण निम्म्यांनाच खरा करंट. सहा आठवडे, १८ सत्रं, नंतर घरी व्यायाम. हाताच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर खरा करंट मिळालेल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, बाकीच्यांचे २.४. तीन महिन्यांनी जाणवण्याइतकी सुधारणा, म्हणजे ६ किंवा जास्त गुण, पहिल्या गटात ४७ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात २४ टक्क्यांना.

"म्हणजे करंट मिळूनही निम्म्यांना फरक नाही?" भावाने विचारलं. दूध संघात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. मी म्हटलं, "आणि करंट न मिळताही चौघांतल्या एकाला फरक. तो नुसत्या व्यायामाचा."

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सगळे रुग्ण रक्तवाहिनी बंद होऊन झालेल्या स्ट्रोकचे होते, आणि निदान नऊ महिने उलटलेले. डोक्याला मार लागलेल्यांसाठी ही मान्यता नाही. दादांच्या जमिनीवर मी असा प्रयोग करायला तयार नव्हते. "दादांसाठी हे यंत्र आज नाही. जमीन विकू नका," असं मी सरळ सांगितलं. सल्ला देताना आम्ही बहुधा "निर्णय तुमचा" म्हणून मोकळे होतो. या वेळी झाले नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

भाऊ पूर्ण रिकाम्या हाताने मात्र परतला नाही. त्याने ऑनलाइन एक कानाला लावायचं मशीन मागवलंच. व्हेगसची एक छोटी फांदी कानात येते, म्हणून तिथून वरवर उत्तेजन देण्याचे प्रयोग चालू आहेत. पण ती फांदी कानाच्या आतल्या खोलगट भागात असते, आणि यांनी चिमटा लावला होता उजव्या कानाच्या पाळीला. गंमत अशी की संशोधनात तुलनेसाठी खोटं उत्तेजन द्यायचं असतं तेव्हा मुद्दाम पाळीच निवडतात. पाळीला पुरळ आलं, मशीन कपाटात गेलं.

पायासाठी काय पर्याय होते

हाताचं काम लांब पल्ल्याचं होतं. दादांना विचारलं (चित्रं दाखवून, बोट ठेवायला लावून) तर त्यांनी गोठ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. घरापासून गोठा साठेक पावलं, मध्ये शेणकालवलेली उतरती वाट. म्हणजे आधी पाऊल. तेव्हा काठी घेऊन १० मीटर चालायला त्यांना ३१ सेकंद लागत होते, आणि उजवा अंगठा दर दुसऱ्या पावलाला जमिनीत अडकायचा.

सगळ्यात साधा पर्याय म्हणजे पोटरीमागून तळव्यापर्यंत जाणारा प्लास्टिकचा स्प्लिंट. काही हजारांत होतो, बॅटरी लागत नाही. पण तो बुटात घालायचा असतो, आणि आपल्याकडे घरात बूट घालून कोण फिरतं? दुसरा पर्याय पोटरीतला ताठरपणा कमी करायला बोटॉक्सचं इंजेक्शन. ताठरपणा मध्यम होता म्हणून ते मागे ठेवलं. तिसरा, गुडघ्याखाली बांधायचं आयात केलेलं उत्तेजक यंत्र, किंमत लाखाच्या घरात. चौथा, तेच काम करणारं साधं दोन चॅनेलचं मशीन, हातात धरायच्या बटणासह.

पाऊल उचलणाऱ्या यंत्राची कल्पना नवी नाही. १९६१ साली लिबरसन यांनी ती मांडली: टाचेखाली एक स्विच, टाच उचलली की गुडघ्याखालच्या पेरोनियल नसेला करंट, पाऊल वर, टाच टेकली की करंट बंद. महागड्या यंत्रात नेमकेपणा आणि सोय वाढली, तत्त्व तेच राहिलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्ट्रोकच्या १९७ रुग्णांमध्ये स्प्लिंट आणि असं यंत्र यांची तुलना झाली. चालण्याचा वेग दोन्ही गटांत वाढला, पण एकमेकांपेक्षा फरक दिसला नाही. लोकांना यंत्र जास्त आवडलं, एवढंच. या एका वाक्याने आयात यंत्र यादीतून गेलं. साधं मशीन सरावासाठी घ्यायचं आणि स्प्लिंटचा निर्णय दोन महिन्यांनी करायचा, असं ठरलं.

पाऊल उचलेना

पहिल्या दिवशी फजिती झाली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, त्याच्या किंचित खाली एक पॅड, नडगीच्या स्नायूवर दुसरा. करंट वाढवत नेला. दादांचा चेहरा आक्रसला, पाऊल जागचं हललं नाही.

तेव्हा मला ती सात टाक्यांची जखम आठवली. पेरोनियल नस तिथेच कातडीच्या अगदी जवळून जाते. पाऊल लोंबतंय ते मेंदूमुळे की अपघातात गुडघ्याशी नसच चिरडल्यामुळे? दुसरं खरं असेल तर हे मशीन कामाचं नाही, कारण ते नसेच्याच वाटेने स्नायूपर्यंत पोचतं. आणि मेंदूची इजा एवढी ठळक असताना खालची छोटी इजा नजरेतून सुटणं अगदी सोपं. तीन महिने आम्ही सगळे त्या पायाकडे "मेंदूचा पाय" म्हणून बघत होतो.

नसेची तपासणी, एनसीव्ही, करून घेतली. चार दिवस माझ्या पोटात गोळा होता. अहवाल आला: नस ठीक. मग पुन्हा बसलो. जखमेच्या व्रणाची कातडी जाड झाली होती आणि करंट तिथून नीट उतरत नव्हता. पॅड बोटभर मागे सरकवला आणि पाऊल टुणकन वर आलं. पण ते बाहेरच्या बाजूला जास्तच वळलं. पुढचा पॅड थोडा आत घेतला तेव्हा ते सरळ उचललं गेलं. ती जागा वहिनींनी मेंदीने खुणावून ठेवली. पेनाची खूण आंघोळीत जाते, मेंदी आठवडाभर टिकते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

काय केलं

आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. त्यातले दोन दिवस माझ्याकडे, तीन घरी. करंट सेकंदाला ४० स्पंदनांचा, पाऊल उचलण्यापुरताच. सुरुवातीला बटण वहिनींच्या हातात होतं. दादांची टाच उचलते त्या क्षणी "उचला" म्हणायचं आणि दाबायचं, टेकली की सोडायचं. पहिल्या आठवड्यात बटण उशिरा दाबलं जायचं आणि पाऊल जमिनीला लागल्यावर वर यायचं, दादा चिडायचे. दुसऱ्या आठवड्यात वहिनींना लय सापडली. माझ्यापेक्षा चांगली सापडली, हे कबूल करते. त्या टाचेकडे बघायच्याच नाहीत, दादांच्या खांद्याकडे बघायच्या. "पाय उचलायच्या आधी ह्यांचा खांदा वर जातो," त्या म्हणाल्या. मी पाहिलं, तर खरंच जायचा.

चौथ्या आठवड्यात टाचेचा स्विच लावला. तो चप्पलमध्ये टिकेना आणि अनवाणी पायाला लावताच येईना. वहिनींनी जाड पायमोज्याला आतून टाचेशी खिसा शिवला, स्विच त्यात बसला.

हातासाठी मनगट मागे नेणाऱ्या आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर पॅड. इथे नियम असा की दादांनी आधी स्वतः जोर लावायचा आणि मगच बटण. काम खरं हवं: तांब्या धरून सोडणं, दाव्याची गाठ सैल करणं, कडबा उचलून टाकणं. रबरी चेंडू मी मुद्दाम टाळला. चेंडू दाबून पकड घट्ट होते, यांना तर उघडणं हवं होतं.

फिटची गोळी चालूच होती. पॅडखाली दोनदा कातडी लाल झाली, तेव्हा एक दिवस सुट्टी. पॅड महाग पडत होते, म्हणून पाण्याचा थेंब लावून जास्तीत जास्त दिवस वापरले. आडवं झोपून करंट बंद म्हणजे बंद. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या सासूबाई कुरकुरल्या, "एवढ्या लांब जाऊन नुसतं चालवतात व्हय?"

सहाव्या आठवड्यात दादा पडले. उतरत्या वाटेवर घामाने पॅड सुटला, पाऊल उचललं नाही आणि ते उजव्या कुशीवर गेले. खरचटण्यावर निभावलं. पण दोन दिवस झोप लागली नाही, मला.

काय हाती लागलं

आठ आठवड्यांनंतर १० मीटर अंतर मशीन लावून १९ सेकंदांत, मशीनशिवाय २२ सेकंदांत. मग स्प्लिंट बनवून घेतला, तो घालून २० सेकंद. पडण्याच्या घटनेनंतर ठरलं ते असं: गोठ्याच्या वाटेला आणि बाहेर स्प्लिंट, मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये; घरातल्या सरावाला मशीन. घामात सुटणाऱ्या गोष्टीवर उतार सोपवायचा नाही.

हाताचे गुण ६६ पैकी २३ होते, ते २९ झाले. सहाची वाढ. व्हेगसच्या अभ्यासात ज्याला जाणवण्याइतकी सुधारणा म्हटलं होतं तेवढीच. मी खुशीत तो आकडा भावाला सांगणार होते, तेवढ्यात आयसीयूतला तेहेतिसावा दिवस आठवला. पाचवा ते सातवा महिना या काळात मेंदू अजून स्वतःहूनही सावरत असतो. त्या अभ्यासात नऊ महिने उलटलेलेच रुग्ण घेतले ते याचसाठी. आमच्याकडे तुलनेला दुसरा दादा नव्हता. मशीनशिवायच्या २२ सेकंदांत करंटचा वाटा किती, सरावाचा किती, दिवस गेल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. एवढंच म्हणता येतं की पडून घेतलेल्या करंटच्या पाच आठवड्यांत आकडा हलला नव्हता आणि या आठ आठवड्यांत हलला.

धार काढायला उकिडवं बसणं अजून जमत नाही. पोटरी आखडलेली असल्यामुळे टाच टेकत नाही, आणि पाऊल वर उचलणाऱ्या करंटचा त्यावर उपयोग नाही. बोटॉक्सचा विषय त्यासाठी पुन्हा काढला आहे. सध्या दादा बुटक्या स्टुलावर बसतात, बादली गुडघ्यांत धरतात, डाव्या हाताने धार काढतात. उजव्या हाताचं काम बादलीचा काठ धरून ठेवण्याचं. एका म्हशीला याची सवय झाली, बाकीच्या तीन अजून लाथ झाडतात. टेम्पो भाऊ चालवतो. वीस गुंठे जागेवर आहेत.

पुन्हा करायची वेळ आली तर

मीडियन नसेच्या उत्तेजनाला नकार देण्याचं मी आजही समर्थन करेन, पण कारण बदलून. तेव्हा आम्ही फिट आणि कवटीचं हाड पुढे केलं. खरी अडचण सिस्टरांच्या संख्येची होती. मनुष्यबळ असलेल्या ठिकाणी, दुसऱ्या आठवड्यात, तसाच रुग्ण असेल तर हा विचार गांभीर्याने व्हायला हवा. "धोका आहे" आणि "आम्हाला जमत नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि भावाला आम्ही पहिलं सांगितलं.

एनसीव्ही तिसऱ्या महिन्यात व्हायला हवी होती, करंट लागेना तेव्हा नव्हे. गुडघ्याच्या बाहेर जखम आणि त्याच बाजूचं पाऊल लोंबतंय, एवढं पुरेसं होतं. पॅड सुटला तर काय, याचा सराव सपाट जमिनीवर आधी घ्यायला हवा होता. पाच आठवड्यांच्या करंटबद्दल वर लिहिलंच आहे.

पण सगळ्यात जास्त खटकतं ते दुसरंच. करंट किती वाढवायचा हे आम्ही दादांच्या चेहऱ्यावरून ठरवत होतो, कारण "दुखतंय" हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. डाव्या मेंदूची इजा, वाचा गेलेली, हे पहिल्या दिवसापासून केसपेपरवर लिहिलेलं. तरी स्पीच थेरपी सुरू झाली सहाव्या महिन्यात, तीही चित्रांच्या पानाने पायाचं काम सोपं झालं म्हणून सुचली. वहिनींनी ती कधी मागितली नाही, कारण असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि मी सांगितली नाही, कारण त्या घरातून मला रोज विचारलं जात होतं ते करंटचं.